५६३० मोठं की २१७१? लाख, कोटी, मिलियन आणि टीएमसीचा हिशेब

पावसाळ्यात नाशिकचा पेपर उघडला की गंगापूर धरणाची क्षमता ५६३० अशी छापलेली दिसते. मराठवाड्याच्या आवृत्तीत जायकवाडीचा उपयुक्त साठा २१७१ असतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. शेजारी ठेवले तर गंगापूर जायकवाडीच्या अडीचपट वाटतं. प्रत्यक्षात जायकवाडीच्या उपयुक्त साठ्यात आपलं गंगापूर तेरा वेळा ओतलं तरी जागा उरते. फरक एका अक्षराचा आहे. आपल्याकडे दलघफू, तिकडे दलघमी. एक दशलक्ष घनफूट, दुसरं दशलक्ष घनमीटर, आणि एका घनमीटरात ३५.३१ घनफूट बसतात. त्यावरून चहाच्या टपरीवर होणारी भांडणं मात्र अस्सल असतात.

मी नाशिकात द्राक्ष बागायतदारांचे आणि पॅकहाउसवाल्यांचे हिशेब लिहिते. माझ्या टेबलावर एकाच दिवशी गुंठ्यातली जमीन, क्विंटलातला कांदा, युरोतली पट्टी (माल विकल्याच्या हिशेबाचा कागद) आणि 'रुपये मिलियनमध्ये' असं कोपऱ्यात लिहिलेला ताळेबंद येतो. हाताखाली नवीन आलेल्या पोरांना मी जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

आकडा नंतर वाचायचा. आधी कोपरा वाचायचा. तक्त्याच्या उजव्या हाताला वर, कंसात, सगळ्यात बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं त्यावर सगळं अवलंबून असतं: रुपये लाखांत, कोटींत, की मिलियनमध्ये. पोरं थेट बेरजेला जातात.

तीन खुंट्या

पाठ करायच्या गोष्टी तीनच आहेत. दहा लाख म्हणजे एक मिलियन. शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. एक लाख कोटी म्हणजे एक ट्रिलियन. बाकी सगळं यातून निघतं. लाखाचे मिलियन करायचे तर दहाने भागा, कोटीचे मिलियन करायचे तर दहाने गुणा, कोटीचे बिलियन करायचे तर शंभराने भागा. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७ होती. म्हणजे ६१ लाख, म्हणजे ६.१ मिलियन. देशाची १२१ कोटी, म्हणजे १.२१ बिलियन.

मराठीतून विचार करणाऱ्याला इथे एक आयती सोय आहे, ती फारसं कुणी वापरत नाही. 'शे कोटी' ऐकलं की 'शे' काढून टाका आणि बिलियन लावा. सव्वाशे कोटी म्हणजे सव्वा बिलियन. दीडशे कोटी म्हणजे दीड बिलियन, अडीचशे कोटी म्हणजे अडीच, साडेतीनशे कोटी म्हणजे साडेतीन. पाऊणशे कोटी म्हणजे पाऊण बिलियन. तसंच दीड लाख कोटीचं दीड ट्रिलियन. कॅल्क्युलेटर लागतच नाही. मिलियनला मात्र ही युक्ती चालत नाही, तिथे दहाचाच व्यवहार: पंधरा लाख म्हणजे दीड मिलियन, पावणेदोन कोटी म्हणजे साडेसतरा मिलियन.

नोटांवर समजतं त्यांनी नोटांवर समजून घ्यावं. नाशिकरोडला नोटांची प्रेस असल्यामुळे आपल्या गावात बंडल हा शब्द निदान बोलण्यात तरी सगळ्यांच्या ओळखीचा आहे. शंभर नोटांचं एक पाकीट, दहा पाकिटांचं एक बंडल. पाचशेच्या नोटा असतील तर एक बंडल पाच लाखांचं. एक मिलियन रुपये म्हणजे दोन बंडलं, एक कोटी म्हणजे वीस, एक बिलियन म्हणजे दोन हजार. मिलियन आणि बिलियन कानाला सारखेच लागतात. दोन बंडलं आणि दोन हजार बंडलं म्हटल्यावर गोंधळ होत नाही.

डॉलर आले की दोन पायऱ्या होतात, आणि लोक दोन्ही एकदम चढायला जातात. हिशेबापुरता डॉलर ८५ रुपये धरा. एक मिलियन डॉलर म्हणजे ८५ मिलियन रुपये, म्हणजे साडेआठ कोटी. एक बिलियन डॉलर म्हणजे ८५ बिलियन रुपये, म्हणजे ८,५०० कोटी. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलरची करायची असं सरकार म्हणतं, ते या भावाने ८५ लाख कोटी रुपये झाले. आधी चलन बदला, एकक तेच ठेवा; मग एकक बदला. दोन्ही एकत्र केलं की एक शून्य कुठेतरी सांडतंच.

स्वल्पविराम कुठे द्यायचा

आपण उजवीकडून पहिले तीन अंक सोडतो आणि मग दोन-दोन तोडतो: १२,३४,५६,७८९. बाहेर बहुतेक ठिकाणी तीन-तीन: १२३,४५६,७८९. आकडा तोच. बाहेरचा आकडा वाचता येत नसेल तर त्यांचे स्वल्पविराम मनातून पुसा आणि आपले द्या. समजा ३४७,८५०,००० आला. सगळे पुसले, उजवीकडून तीन, मग दोन, मग दोन: ३४,७८,५०,०००. चौतीस कोटी अठ्ठ्याहत्तर लाख पन्नास हजार. ताळा करायचा तर ३४७.८५ मिलियन भागिले दहा, ३४.७८५ कोटी. जुळलं.

शून्यं मोजत बसू नका. कागदावर बोट ठेवून 'एकं, दहं, शतं' म्हणत गेलेला माणूस सातव्या शून्यावर फोन उचलतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

कॉम्प्युटरवर एक्सेल तीन-तीन तोडत असेल तर एक्सेलशी भांडू नका. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनमध्ये जाऊन इंग्लिश (इंडिया) निवडा, आणि तिथल्या जास्तीच्या सेटिंगमध्ये डिजिट ग्रुपिंग १२,३४,५६,७८९ असं करा. ही सेटिंग तुमच्या मशीनची असते, फाइलची नाही. तीच फाइल लंडनला पाठवली की तिथे ती त्यांच्या पद्धतीने दिसणार. त्यामुळे 'मी लाखात पाठवलं होतं' हा युक्तिवाद चालत नाही. लाखात पाठवायचं तर शीर्षकात तसं लिहून पाठवा.

एक पूर्णांक पाच

माझ्या अनुभवात सगळ्यात महाग पडणारी जागा मिलियन-बिलियनची नाही, दशांश चिन्हाची आहे. १.५ कोटी म्हणजे दीड कोटी. १.०५ कोटी म्हणजे एक कोटी पाच लाख. बोलताना दोन्हींना 'एक पॉइंट पाच' म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि मधे पंचेचाळीस लाखांचं अंतर आहे. कोटीच्या दशांशात पहिली दोन घरं लाखांची, पुढची दोन हजारांची. २.०७४५ कोटी म्हणजे दोन कोटी, सात लाख, पंचेचाळीस हजार. म्हणून कोटीतला आकडा नेहमी दोन घरांनी लिहायचा: १.५० आणि १.०५. मग बोट घसरत नाही. लाखांत मात्र दशांशानंतरची पहिली दोन घरं हजारांची: ४.०८ लाख म्हणजे चार लाख आठ हजार.

सातबाऱ्यावरही हेच. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि हेक्टरचे आर शंभर. ०.८० म्हणजे ऐंशी आर, साधारण दोन एकर. ०.०८ म्हणजे आठ आर, म्हणजे आठ गुंठ्यांच्या जरा खाली. आर शंभर चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७ चा, म्हणून बोलीत दोन्ही एकच धरतात. एकर दोन एकरापर्यंत हे खपतं, मोठ्या खरेदीत खपत नाही. चाळीस गुंठ्यांचा एकर असतो, चाळीस आरांचा नाही.

ताळेबंदाचा कोपरा

शेअर बाजारात पैसे घालणारी नवी मंडळी आजकाल वार्षिक अहवाल वाचतात, चांगलं आहे. पण कंपनी कायद्याच्या परिशिष्ट तीननुसार शंभर कोटी आणि त्यावरच्या उत्पन्नाच्या कंपन्यांना आकडे लाखांत, मिलियनमध्ये किंवा कोटींत देता येतात, जी ती आपापल्या सोयीने निवडते. त्यामुळे एका कंपनीचं १८,६४२.५० आणि दुसरीचं १,९१०.०० असं समोरासमोर दिसलं, तर पहिली दसपट मोठी आहे असं लगेच समजू नका. पहिली मिलियनमध्ये असेल तर ते १,८६४.२५ कोटी झाले, आणि दुसरी कोटींत असेल तर तीच मोठी. आणखी एक खोच: कोपऱ्यात 'रुपये मिलियनमध्ये' लिहिलेलं असलं तरी खाली प्रतिशेअर उत्पन्न असतं ते साध्या रुपयांत. त्याला दहा लाखांनी गुणू नका.

रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात चलनातल्या नोटांची संख्या लाख नगांत असते आणि किंमत कोटी रुपयांत. एका रांगेतल्या आकड्यावरून दुसऱ्या रांगेतला काढायचा तर पाचशेच्या एक लाख नोटा म्हणजे पाच कोटी, हे एक घर लावून घ्यायचं. मोठ्या गुणाकारात मी शून्यांऐवजी शब्दच जोडते. हजार गुणिले हजार, दहा लाख. हजार गुणिले लाख, दहा कोटी. शंभर गुणिले लाख, कोटी. लाख गुणिले लाख, हजार कोटी. एवढे चार शब्द आले की उत्तराचा सुमार आधी कळतो, आणि कॅल्क्युलेटर काही भलतं म्हणाला तर तो चुकीचा दाबला हे ओळखता येतं.

पुन्हा पाणी

कारण नाशिककराला ते टाळता येत नाही. गोदावरीचं पाणी वर नाशिकला अडवायचं की खाली जायकवाडीला सोडायचं यावर दरवर्षी ऑक्टोबरात वाद होतो, आणि वादात चार एककं एकमेकांच्या अंगावर फेकली जातात.

टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. हजार दशलक्ष म्हणजे शंभर कोटी, म्हणजे एक अब्ज घनफूट. म्हणून दलघफूचे टीएमसी करायला हजाराने भागायचं: ५६३० दलघफू म्हणजे ५.६३ टीएमसी. दलघमीचे टीएमसी करायला २८.३२ ने भागायचं: जायकवाडीचे २१७१ दलघमी म्हणजे ७६.६६ टीएमसी. आता दोन्ही धरणं एका मापात आली, आता भांडा. लिटरमध्ये हवं असेल तर एक घनफूट म्हणजे २८.३२ लिटर, त्यामुळे भरलेल्या गंगापुरात सुमारे १५,९४० कोटी लिटर पाणी. पुढाऱ्यांना भाषणात लिटर आवडतात. त्यातून काही कळत नाही, पण आकडा मोठा वाटतो.

क्युसेक वेगळी गोष्ट आहे. तो साठा नाही, वेग आहे: सेकंदाला एक घनफूट. 'दहा हजार क्युसेक पाणी सोडलं' या वाक्यात किती वेळ सोडलं हे नसेल तर पाणी किती गेलं ते सांगता येत नाही. दिवसाचे सेकंद ८६,४००. दहा हजार क्युसेक पूर्ण चोवीस तास चाललं तर ८६.४ कोटी घनफूट, म्हणजे ०.८६४ टीएमसी. उलट बाजूने, अकरा हजार पाचशे चौऱ्याहत्तर क्युसेक दिवसभर वाहिलं की एक टीएमसी. मी 'साडेअकरा हजार, एक दिवस, एक टीएमसी' असं धरते. नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीकडे किती गेलं याचा पेपरात रोज येणारा आकडा यावर तोलून पाहायचा. रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं हेही नाशिकचं मापच आहे, फक्त त्याचं टीएमसीत रूपांतर होत नाही.

रॉटरडॅमची पट्टी

द्राक्षाच्या सीझनमध्ये नेदरलँड्समधून विक्रीची पट्टी येते. पिंपळगावकडचे एक काका ती घेऊन आले होते. निव्वळ वजनाच्या रकान्यात १३.४४० किलो. भाव १,८०. एकूण २४.१९२,०० युरो.

"ताई, आख्खा कंटेनर गेला आणि वजन तेरा किलो?"

"तेरा हजार चारशे चाळीस, काका. त्यांचा पॉइंट म्हणजे आपला स्वल्पविराम."

"मग भाव एकशे ऐंशी?"

"नाही. त्यांचा स्वल्पविराम म्हणजे आपला पॉइंट. एक युरो ऐंशी सेंट."

"च्यायला. म्हंजे सगळंच उलटं."

नेदरलँड्स, जर्मनी, स्पेन, इटली, सगळीकडे साधारण हेच. शंका आली तर गुणाकार करून पाहायचा: १३,४४० गुणिले १.८० बरोबर २४,१९२. जुळलं म्हणजे वाचन बरोबर. युरो हिशेबापुरता ९० रुपये धरला तर २१,७७,२८०, पावणेबावीस लाखांच्या वर. काकांचा चेहरा तेव्हा कुठे सैल झाला.

कागदावर हे माणूस समजून घेतो. एक्सेल घेत नाही. आपल्या सेटिंगच्या मशीनवर ती फाइल उघडली की १३.४४० चं तो निमूटपणे १३.४४ करतो, काही तक्रार करत नाही, आणि हेच धोक्याचं. २४.१९२,०० त्याला पचत नाही, म्हणून ते अक्षरांसारखं घराच्या डाव्या कडेला चिकटून बसतं. आकड्यांच्या रकान्यात काही डावीकडे आणि काही उजवीकडे दिसले की समजायचं, फाइल परदेशी आहे. उपाय असा: फाइल उघडण्याआधीच, साध्या टेक्स्टमध्ये असताना, आधी सगळे पॉइंट काढून टाका, मग स्वल्पविरामाच्या जागी पॉइंट घाला. क्रम उलटा केला तर नव्याने घातलेले पॉइंटही साफ होतात आणि दोन दशांश घरांचे आकडे शंभरपट होतात. तारखांमध्ये पॉइंट असतील तर तो रकाना आधी बाजूला काढून ठेवा. रकाने स्वल्पविरामाने तोडलेले असतील तर हा उपाय करू नका, पण हे लोक बहुधा अर्धविरामाने तोडतात.

तिकडच्या लोकांशी बिलियनही जपून बोलावं. जर्मन, डच, फ्रेंच माणूस हजार मिलियनला मिलियार्ड म्हणतो, आणि त्याच्या भाषेतलं बिलियन म्हणजे मिलियन मिलियन, आपलं लाख कोटी. इंग्रजीत पत्रव्यवहार करताना ते बहुतेक सांभाळतात, पण त्यांच्या भाषेतला कागद मशीनने भाषांतर करून घेतला तर नजर ठेवा. ब्रिटनमध्येही जुनं बिलियन बारा शून्यांचंच होतं. १९७४ पासून सरकारी कारभारात नऊ शून्यांचं झालं. जुनी इंग्रजी पुस्तकं चाळताना हे ध्यानात असू द्या.

आपल्याकडेही सगळं आलबेल आहे असं नाही. अब्जापर्यंत एकमत आहे: एकावर नऊ शून्यं, शंभर कोटी. हिंदीतलं अरबही तेच. पुढे वाटा फुटतात. भास्कराचार्यांनी लीलावतीत दिलेल्या यादीत प्रत्येक नाव दसपटीने पुढे जातं, त्यात खर्व म्हणजे एकावर दहा शून्यं, निखर्व अकरा, महापद्म बारा. हिंदीतलं खरब मात्र अकरा शून्यांचं. म्हणजे हिंदी पेपरातलं 'दो खरब' हे लीलावतीच्या हिशेबाने वीस खर्व होतात. माझं मत विचाराल तर अब्जाच्या पुढची नावं पाठांतराच्या स्पर्धेत शोभतात. करारात, कोटेशनमध्ये, बँकेच्या कागदात लाख कोटी लिहावं. कानाला ओबडधोबड आहे, पण त्याचे दोन अर्थ होत नाहीत.

कांद्याचे टन

लासलगावच्या भावावर लिहिणाऱ्यांसाठी एवढंच. सरकारी कागदात एलएमटी म्हणजे लाख मेट्रिक टन, एमएमटी म्हणजे मिलियन मेट्रिक टन, दोन्हींत दहाचा फरक. नुसतं एमटी लिहिलं असेल तर मेट्रिक टन धरा, पण परदेशी अहवालात तेच मिलियन टन असू शकतं, संदर्भ पाहा. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २४२ लाख टन कांदा पिकला: २.४२ कोटी टन, किंवा २४.२ मिलियन टन. टनाचे क्विंटल दहा, त्यामुळे क्विंटलला २,००० भाव म्हणजे टनाला २०,०००, आणि एक लाख टनाला २०० कोटी.

शेवटी हाताने लिहिलेले आकडे. आडतीच्या पावत्या, मजुरांचे हजेरीपट अजून देवनागरी अंकांत येतात, आणि इंग्रजी अंकांची सवय झालेली पोरं त्यातला ४ इंग्रजी आठ वाचतात, ७ इंग्रजी सहा, आणि १ चक्क नऊ. पावतीच्या तळाशी लिहिलेली बेरीज स्वतः करून पाहिल्याशिवाय नोंद घालू नका. तिन्ही गोंधळ तिथेच पकडले जातात. मोठ्या रकमेच्या कागदावर अक्षरी रक्कम आधी लिहा, आकडा नंतर. चेकवर किंवा हुंडीवर आकडा आणि अक्षरं जुळत नसतील तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १८ प्रमाणे अक्षरातली रक्कम खरी धरली जाते.